बद्द

आमच्या घरी एक हिंगाचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, वरचं चित्र केव्हाच उडून गेलेला. झाकण काढलं की अजूनही आधी हिंगाचा वास येतो आणि मग जुन्या धातूचा. आत सत्तेचाळीस नाणी आहेत. त्यातलं एकही आज चालत नाही. तेव्हाही चालत नव्हतं, म्हणून तर ती डब्यात आली.

हा डबा माझ्या आजोबांचा. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. रहिमतपुरात त्यांचं किराणा दुकान होतं आणि गादीच्या उजव्या हाताला शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा बसवलेला होता. रुपया हातात आला की अण्णा तो फरशीवर टाकायचे. खणखणला तर गल्ल्यात. बद्द वाजला तर न बोलता गिऱ्हाइकाच्या हातात परत. बाजाराच्या दिवशी गर्दीत एखादा नजरेतून, म्हणजे कानातून निसटायचा आणि रात्री हिशेबाला बसल्यावर सापडायचा. देणारा तोवर बैलगाडीत बसून आपल्या गावी पोचलेला असायचा. असा रुपया डब्यात जायचा.

आजीचं म्हणणं होतं की देवळाच्या पेटीत टाका. सगळा गाव टाकतो. "देव काही वाजवून घेत नाही," असं ती म्हणायची. अण्णांनी ते कधी केलं नाही आणि तो रुपया दुसऱ्या कोणाच्या गळ्यातही मारला नाही. झालेलं नुकसान स्वतःशीच ठेवायचा हा हट्ट वडिलांना शेवटपर्यंत कळला नाही. मला तो कळायला माझी पंचेचाळिशी उलटावी लागली, आणि तोवर मी स्वतःच खोटी नाणी गोळा करत होतो.

हा छंद लोकांना सांगायची सोय नाही. जुनी नाणी जमवतो म्हटलं की समोरचा आदराने बघतो आणि घरातल्या राणीछाप रुपयाची किंमत विचारतो. खोटी नाणी जमवतो म्हटलं की तो एक पाऊल मागे सरकतो. बायकोने पाहुण्यांना सांगण्यापुरतं "यांना नाण्यांचं वेड आहे" असं वाक्य ठरवून टाकलंय, पुढचं ती गाळते. आता माझ्याकडे तीनशेच्या वर खोटी नाणी आहेत. चालू चलनातलं एकही नाही. तो नियम मी पहिल्या दिवसापासून पाळलाय. पोलिसांना ललित लेख वाचून दाखवायची वेळ मला यायला नको आहे.

सुरुवात झाली ती फसवला गेल्यामुळे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका चादरीवर मला सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दिसला. ज्यांना या विषयात गती आहे त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. त्या सालचा चांदीचा रुपया फारच दुर्मिळ. बहुतेक संग्राहक तो फक्त फोटोत बघतात. मी खिशातले सगळे पैसे काढून दिले आणि कोणी बघत नाही ना, असं बघत घरी आलो. भिंगाखाली धरला तेव्हा कळलं. नाणं सरकारी, चांदी अस्सल, राजाचा चेहरा अस्सल, काठ अस्सल. साल मात्र मुळात १९३८. कोणीतरी शेवटच्या आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू कोरून काढली होती आणि त्याचा नऊ केला होता. एवढ्या मोठ्या नाण्यात खोटी जागा फार तर मिलिमीटरभर.

आधी संताप आला. मग रात्री पुन्हा भिंग काढलं आणि त्या कोरणाऱ्याच्या हाताकडे बघत बसलो. त्याने खरवडल्याच्या रेघा दिसू नयेत म्हणून आजूबाजूची जमीन घासून गुळगुळीत केली होती, आणि ती तकाकी जास्त होऊ नये म्हणून वर काहीतरी काळं चोळलं होतं. माझ्यासारखा माणूस कुठे बघेल, किती वेळ बघेल, कुठे थांबेल, हे त्याला माझ्यापेक्षा बरं माहीत होतं. तो रुपया मी परत केला नाही. दुसऱ्याच रविवारी त्याच बाजारात मी विचारत सुटलो, "खोटी काही आहेत का?" विकणाऱ्यांना वाटलं मी धाड घालायला आलोय.

खऱ्या नाण्यात मला जो राजा दिसतो तो त्याला दिसायचं होतं तसा दिसतो. खोट्या नाण्यात बाजार दिसतो. लोक काय तपासत होते, कशाकडे दुर्लक्ष करत होते, कशाला भुलत होते, हे खोटं नाणं पाडणाऱ्याला अचूक ओळखावं लागतं. चुकला तर पोटावर पाय. म्हणून त्याची सगळी मेहनत बघणाऱ्याची नजर जिथे पडते तिथेच खर्च झालेली असते.

अण्णांच्या डब्यातले रुपये याचा उत्तम नमुना आहेत. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. हेच एका तोळ्याचं वजन. म्हणजे रुपया हे नाणंही होतं आणि मापही. ऐंशी रुपये तागडीत टाकले की एक शेर. किराणा दुकानदाराला रुपया खोटा का खरा हे बघायला वेगळं काही लागत नव्हतं: एका पारड्यात माहितीतला बंदा रुपया, दुसऱ्यात हा नवा. आणि शेजारी फरशी.

आता खोटं पाडणाऱ्याच्या जागी बसून बघा. चांदी तर घालायची नाही. शिसं घातलं तर वजनाची अडचण सुटते, शिसं चांदीपेक्षाही जड आहे, त्यात थोडं कथील मिसळून तोळा बरोबर जमवता येतो. पण शिसं वाजत नाही. फरशीवर टाकलं की ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तसा आवाज. बरं, काशाची चकती घेऊन वर चांदीचा मुलामा दिला तर ती देवळातल्या घंटेच्या नात्यातली, खणखणीत वाजते. पण कासं हलकं. वजन जमवायचं तर नाणं पाचवा हिस्सा जाड करावं लागतं, आणि जाड रुपया बोटांना लगेच कळतो. आवाज घ्यावा तर वजन जातं, वजन घ्यावं तर आवाज जातो. या कात्रीतून सुटलेला एकही रुपया माझ्याकडे नाही. सुटलेला असेल तर तो मी खऱ्यांच्या ट्रेमध्ये ठेवलेला असणार, हेही खरंच.

म्हणून प्रत्येक खोट्या रुपयावरून त्याचं गिऱ्हाईक ओळखता येतं. शिशाचे रुपये तागडीवाल्यासाठी. काशाचे रुपये वाजवणाऱ्यासाठी. डब्यातल्या सत्तेचाळीसमध्ये काशाचे जास्त आहेत. अण्णा वाजवून घेतात, तोलत बसत नाहीत, ही बातमी कोणाला तरी होती.

आणि राजाचा चेहरा? तो बहुतेक खोट्या रुपयांवर यथातथाच. ओतीव नाणं असेल तर अस्सल रुपयाचा साचा बारीक मातीत घेतलेला असतो, त्यामुळे दाढीचे केस बुजतात, नाकाशी बुडबुड्याचं भोक राहतं, आणि काठावर दोन साचे जुळल्याची रेघ येते. ती रेघ मात्र कानशीने घासून, दातेरी काठ एकेक दात करून पुन्हा पाडलेला. कारण काठावर बोट फिरायचं. राजाच्या नाकावर कोणी बोट फिरवत नव्हतं.

अर्थात या सिद्धान्ताला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो मी प्रामाणिकपणे सांगतो. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक हत्ती होता, नखाएवढाही नाही. लोकांनी तो बघितला, त्याची आखूड सोंड बघितली आणि बाजारात बोभाटा झाला की सरकारने रुपयावर डुक्कर काढलंय. सरकारला ती नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. तेव्हा राजाकडे कोणी बघत नव्हतं हे माझं म्हणणं जरा बेतानेच घ्यावं. लोक बघत होते. फक्त राजाला वाटत होतं त्या ठिकाणी नाही.

आजीची पुतळीची माळ हा माझ्या संग्रहातला सगळ्यात मोठा ऐवज, आणि तो माझ्या ताब्यात नाही. ती बहिणीकडे आहे. मी तिचे फोटो ट्रेमध्ये ठेवले आहेत.

पुतळी हा आज आपल्याला दागिना वाटतो. मुळात ते नाणं, आणि तेही आपलं नव्हे. व्हेनिस शहराने १२८४ सालापासून सोन्याचा डुकाट पाडायला सुरुवात केली, आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत त्याचं सोनं आणि रूप जवळजवळ बदललं नाही. साडेतीन ग्रॅमचं, जवळपास शुद्ध सोनं. मिरीमसाल्याच्या बदल्यात ही नाणी जहाजं भरभरून आपल्या किनाऱ्यावर आली. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा राज्यकर्ता, मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांनी भरलेल्या लांबट प्रभावळीत येशू ख्रिस्त. आपल्या लोकांना दिसल्या त्या पुतळ्या, म्हणून नाव पुतळी. मराठ्यांच्या खजिन्यात होनांच्या आणि मोहरांच्या बरोबरीने पुतळ्याही असत.

मागणी इतकी की सोनारांनी इथेच त्यांच्या नकला पाडायला घेतल्या. आजीच्या माळेतली प्रत्येक पुतळी अशी नक्कल आहे. सोनं अस्सल. मी सराफाकडून कस लावून घेतलाय, सराफकाका म्हणाले, "वहिनींना सांगा, मोडू नका. असं सोनं आता मिळायचं नाही." पण अक्षरं बघावीत तर मूळ नाण्यावर जिथे लॅटिनमध्ये ख्रिस्ताची प्रार्थना आहे, तिथे उभ्या काठ्या आणि गोळे, गोळे आणि काठ्या. पाडणाऱ्याला ती लिपी आहे एवढंच ठाऊक होतं. त्याने नकलेची नक्कल केली, पुढच्याने तिची नक्कल, असं होत होत संत मार्काची दाढी गेली, गुडघे टेकलेला राज्यकर्ता हळूहळू उभा राहिला, झेंड्याच्या काठीचं धनुष्य व्हायच्या बेतात आलं. आजी विचारलं तर सरळ सांगायची, हे राम आणि सीता. आणि ख्रिस्त? "तो प्रभावळीतला देव," ती म्हणायची आणि विषय संपवायची.

याला खोटं नाणं म्हणायचं का, यावर माझे आणि माझ्या संग्राहक मित्रांचे वाद होतात. इथे बघणारा सोनं बघत होता, अक्षरं बघत नव्हता. म्हणून पाडणाऱ्याने सोन्यात काडीची कसूर केली नाही आणि अक्षरांचा पार चिवडा केला. रुपयावाल्याचं नेमकं उलट. मी दोन्ही एका कपाटात ठेवतो.

मुहंमद तुघलकाने तर हा प्रश्न मुळातूनच उडवून लावला होता. हिजरी ७३०, म्हणजे १३२९-३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याच्या मोलाची पितळेची आणि तांब्याची नाणी काढली. त्यातली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो, असा मजकूर त्यांवर आहे. आता पितळ सरकारचं तसंच गावच्या तांबटाचं. घराघरांत टांकसाळी निघाल्या असं त्या काळचा बखरकार तक्रारीच्या सुरात लिहितो. थोड्याच वर्षांत सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली आणि बदल्यात खजिन्यातून चांदी मोजावी लागली. तुघलकाबादला परत आलेल्या पितळेचे ढीग साचले. माझ्याकडे त्यातला एक टंका आहे. सुलतानाचा का तांबटाचा, हे मला सांगता येत नाही, आणि माझ्यापेक्षा जाणत्यांनीही वेगवेगळी उत्तरं दिलीत. धातू तोच, वजनही जवळपास तेच, फक्त अक्षरं जरा ढिली. मी त्या पाकिटावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

आता ज्यांच्यामुळे माझा छंद बदनाम आहे त्या आजच्या मालाकडे येतो. तो फार गोळा करावासा वाटत नाही, पण काही नमुने ठेवावेच लागतात.

शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अस्सल शिवराई हाताने ठोकलेली; चकती लहान, ठसा मोठा, त्यामुळे पूर्ण अक्षरं बसलेली शिवराई विरळाच. कुठे 'श्री' अर्धा बाहेर, कुठे 'छत्र' आहे आणि 'पति' नाही. आणि शुद्धलेखन म्हणाल तर ठसा कोरणाऱ्याने मनाला येईल तसं केलेलं: शिव, शीव, सिव, सीव, सगळं सापडतं. आजची बनावट शिवराई मात्र बघत राहावी. सगळी अक्षरं मधोमध, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, भोवती ठिपक्यांचं अखंड वर्तुळ. शाळामास्तरांनी तपासून सही करावी अशी. घेणाऱ्याला महाराजांचं नाव वाचता आलं पाहिजे, हे पाडणाऱ्याने ओळखलंय. तुटक्या 'श्री'ची खरी शिवराई शेजारी ठेवली तर दहातले आठ जण त्या स्वच्छ खोटीला हात घालतात. मी घरी येणाऱ्यांवर हा प्रयोग नेहमी करतो.

दुसरा प्रकार ईस्ट इंडिया कंपनीच्या मारुतीचा. राम दरबार, मारुती, गणपती आणि पाठीमागे कंपनीचं नाव आणि साल: १६१६, १७१७, १८१८. असली नाणी कंपनीने कधी पाडली नाहीत. याला नक्कलही म्हणता येत नाही, कारण मूळच नाही. सालाचे आकडे बघा, जोडीजोडीने, लक्षात राहायला सोपे. मला एकाने अगदी मनापासून पटवून दिलं होतं की १८१८ ला पेशवाई बुडवल्याच्या आनंदात इंग्रजांनी मारुती पाडला. मी त्याला दोनशे रुपये दिले. नाण्याचे पन्नास, कथेचे दीडशे. पण याच नाण्यांना 'राईस पुलर' म्हणून, तांदळाचे दाणे ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून लाखांना विकणाऱ्या टोळ्याही आहेत, आणि तिथे हसू येत नाही. जुनी नाणी घेतो-विकतो म्हणून आपलंच नाव वापरून कर आणि कमिशन उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता. ही फसवणूक नाण्याच्या नजरेने बघितली तर फार आळशी आहे. घेणारा नाण्याकडे बघतच नाही हे पाडणाऱ्याला माहीत असल्यामुळे त्याने त्यावर काहीच मेहनत घेतलेली नाही.

जुन्या काळातले लबाड तरी कष्टाळू होते. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर म्हणून एक गृहस्थ होऊन गेले, १७७२ ते १८३०. त्यांनी ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे इतके सुरेख कोरले की ते आज बर्लिनच्या संग्रहालयात जपून ठेवलेत. नवं नाणं जुनं दिसावं म्हणून ते नाणी लोखंडाच्या किसासकट एका पेटीत घालून ती आपल्या घोडागाडीखाली बांधायचे आणि फेरफटका मारून यायचे. रस्त्याच्या खड्ड्यांनी हजार-दोन हजार वर्षांची झीज दोन तासांत. आमच्या रस्त्यांवर अर्ध्या तासात झाली असती.

आणि याच्या अगदी उलट टोकाला आपलं दहा रुपयांचं नाणं. सरकारने पाडलेलं, पूर्ण कायदेशीर, आणि कोणी घेत नाही. उभ्या रेघा दहा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, असली काहीतरी हवा एकदा उठली ती आजवर बसली नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगून टाकलं की दहाची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. आमच्या भाजीवाल्या मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, मी घेईन हो. पण माझ्याकडून कोण घेईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या भाषेत 'बट्टा' हा शब्द मुळात सराफ कट्ट्यावरचा, कमअस्सल किंवा परमुलखातला रुपया बदलून देताना कापायची रक्कम. दहाच्या नाण्याला मावशींनी पूर्ण दहाचा बट्टा लावला होता.

माझ्या पश्चात या कपाटाचं काय, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो आणि तो रास्त आहे. मुलाला नाण्यांत रस नाही. उद्या त्याने सगळं एकगठ्ठा विकलं आणि घेणाऱ्याने एकेक करून खरं म्हणून बाजारात आणलं, तर मी बेकरसाहेबांच्या पंगतीत. म्हणून मी प्रत्येक पाकिटावर लाल शाईने 'खोटं' लिहितो आणि का खोटं ते दोन ओळींत लिहितो. पाकीट फेकता येतं, हे मलाही कळतं. नाण्यावरच ठसा मारावा असं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा हात धजला नाही.

ती पाकिटं लिहिताना हिंगाचा डबा मी शेवटी घेतला. सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस पटापट झाली. शिसं, शिसं, कासं, मुलामा, ओतीव, कासं. सत्तेचाळिसावं नाणं वहीच्या कागदात गुंडाळलेलं होतं आणि कागदावर मोडीत एक ओळ होती. अण्णा हिशेब मोडीत लिहायचे. वडिलांना ती वाचता येत नव्हती, मला तर नव्हतीच.

आत १९४१ सालचा रुपया. मी तोलला, बरोबर ११.६६. व्यास बरोबर. काठावर मधोमध खाच आणि खाचेत बारीक नक्षी. ही नक्षीची कड सरकारने १९४० मध्ये मुद्दाम आणली, नकला होऊ नयेत म्हणून, आणि ती हाताने पाडणं जवळजवळ अशक्य. मी दोन जाणकारांना दाखवला. दोघांनी भिंग न लावताच परत दिला. अस्सल आहे, म्हणाले, सरकारी टांकसाळीतला, शंभर टक्के.

मग लक्षात आलं. नक्षीची कड आली त्याच १९४० साली, लढाईच्या दिवसांत, सरकारने रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच, व्यास तोच, राजा तोच.

गेल्या पावसाळ्यात मी मोडी शिकायच्या वर्गाला गेलो. दहा रविवार. अकराव्या रविवारी तो कागद काढला. ओळ अशी आहे: 'नवा रुपया. बद्द. कोणास देऊ नये.'

फरशीचा तुकडा आता आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. कुंडी बाजूला केली, फरशी पुसली आणि आधी एक राणीछाप टाकला, मग हा. दोन-तीनदा आलटून पालटून. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, दुसरा जरा घसा बसल्यासारखा वाटतो.

त्या पाकिटावर लाल शाईने काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. सध्या तो रुपया त्याच कागदात गुंडाळून परत डब्यात ठेवलाय.